फाटलं की फाडलं

११ जानेवारी २०२५, चौल

वसुधा आली. संध्याकाळी येते म्हणाली होती, दुपारीच आली, स्वतः गाडी चालवत. मी अंगणात वाल सोलत बसलेले, केसांना तेल. "शोभे!" करून मिठी. एम.ए.ला होस्टेलवर एका खोलीत होतो तेव्हापासूनची सवय, घाम बघत नाही, तेल बघत नाही. पुण्यात विभागप्रमुख झाली, दोन पुस्तकं झाली, परदेशात शिकवून आली. आवाज तोच.

मार्चअखेरपर्यंत राहणार म्हणे. पलीकडच्या नारळाच्या वाडीत खोली घेतलीय. तिसरं पुस्तक जवळजवळ लिहून झालंय. नाव 'एकच साचा'. भाषेची व्यवस्था, व्याकरण आणि अर्थ हे तिन्ही एकाच गोष्टीतून निघतात असा सिद्धान्त. त्यातल्या एका प्रकरणासाठी इथल्या कोळ्यांची बोली हवीय.

मी म्हणाले, "छान."

ती गेल्यावर वाल तसेच राहिले.

१२ जाने.

इथून पुढे नुसतं व. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.

'एकच साचा' माझं आहे. म्हणजे, माझंही. होस्टेलच्या गच्चीत बोरं खात मीच म्हणाले होते, "अर्थ सोमवारी शिकवतात, व्याकरण गुरुवारी. आपण बोलतो तेव्हा कुठला वार असतो?" व. हसत सुटली होती. मग वर्षभर दुसरा विषय नव्हता. दोघींनाही.

ती पीएच.डी.ला गेली. मी इथे कॉलेजात लागले. लग्न, अस्मिता, सासूबाईंचं अंथरूण, पेपरांचे गठ्ठे. लिहायचं होतं. अजून लिहायचंच आहे.

१९ जाने., रविवार

संध्याकाळी मागे पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, कांदे, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला. यांनीच व.ला आग्रहाने बोलावलं. एरवी पंचायत समितीतून आले की टीव्ही आणि हे. आज तिला मडकं उलटं का ठेवतात ते समजावत होते, पाला कुठून आणला ते सांगत होते. "दिलीपराव, तुमच्या हाताला काय वास लागलाय, वा!" व. म्हणाली. हात हुंगत बसले नंतर किती वेळ.

व.ने सुकटीची चटणी मागून घेतली. तिच्या आईकडे अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात शिजायचं. आता बोटं चाटते.

तिनेच अस्मिताला विचारलं, रेकॉर्डिंगच्या कामाला येशील का. अस्मिता बी.एड. करून घरी बसलीय वर्षभर. कॉलेजात तासिकेवर लावून घेते म्हटलं तर "आई, तुझ्या हाताखाली नको" म्हणाली होती. आज क्षणभरही विचार केला नाही.

"नक्की येते, मॅडम."

२४ जाने.

अस्मिता जेवताना मला भाषाशास्त्र शिकवते.

"आई, साचा म्हणजे घटना. कुणीतरी काही सुरू करतं, कशाला तरी काही होतं, ते कुठेतरी जाऊन संपतं. मूल बोलायच्या आधी हे ओळखायला शिकतं. मग प्रत्यय, शब्दांचा क्रम, अर्थ, सगळं त्यातूनच निघतं. घटना जशी, वाक्य तसं. किती सोपं करून सांगतात त्या!"

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

ही चौथीत होती तेव्हा मी हिला ओट्याशी उभं करून सांगितलं होतं. 'मी आंबा खाल्ला' म्हणताना क्रियापद माझ्यामागे का जात नाही, आंब्यामागे का जातं. तेव्हा म्हणाली होती, "आई, मला आंबाच दे ना."

भाकरी करपली आज.

२९ जाने.

कॉलेजात व.चं व्याख्यान. हॉल भरलेला. माझ्या तासाला मागचे चार बाक तेवढे भरतात, ते पंख्याखाली असतात म्हणून. प्राचार्य पहिल्या रांगेत, शेवटपर्यंत जागे.

बोलते चांगली. लिहून ठेवते, खोटं कशाला लिहू. कागद नाही, चष्मा डोक्यावर, एका मुलाला उभं केलं आणि त्याच्या हातातला पेन पाडला. "आता सांग, काय झालं?" मुलं हसली. त्या एका पडलेल्या पेनवर तासभर.

शेवटी म्हणाली, "इथल्या बोलीत जे टिकलंय ते आमच्या पुस्तकी मराठीनं हरवलं. तुमचं 'न्हाय', तुमचं 'व्हय' जपा."

टाळ्या.

माझ्या आईच्या तोंडचं 'न्हाय' माझ्या जिभेवरून पुसायला मला मॅट्रिकपर्यंत लागलं. वडील प्राथमिक शिक्षक. म्हणायचे, शोभना, तू 'न्हाय' म्हटलंस की समोरचा पुढचं ऐकत नाही. एम.ए.च्या पहिल्या सेमिनारला एकदा निसटलं, तर ही व.च मला खाली बसल्यावर हळूच म्हणाली होती, "नाही म्हणतात गं." मैत्रीनेच म्हणाली. आता तेच 'न्हाय' मशीनमध्ये भरून नेते आणि मला जपायला सांगते.

घरी येताना हे म्हणाले, "काय बोलली बाई! आपल्याला पण सगळं कळलं."

५ फेब्रु.

व.ने पुस्तकाचं बाड आणून दिलं. "तू वाचल्याशिवाय छापायला देणार नाही. तुझ्यासारखा कान कुणाला नाही, शोभे."

कान. म्हणजे डोकं तिचं, कान माझा.

७ फेब्रु.

प्रस्तावना वाचली. दुसऱ्याच पानावर: 'विद्यार्थिदशेत मला प्रश्न पडला होता की अर्थ सोमवारी आणि व्याकरण गुरुवारी शिकवतात, पण आपण बोलतो तेव्हा कुठला वार असतो?'

मला प्रश्न पडला होता. पडला म्हणे. माझ्या तोंडून पडला तो, बोराच्या बीबरोबर.

बाड मिटलं. अंगण झाडलं. शेजारच्यांचंही थोडं झाडलं.

११ फेब्रु.

तिसऱ्या प्रकरणापर्यंत आले. फार चांगलं आहे. हेच सोसत नाही. वाईट असतं तर मी किती प्रेमानं दुरुस्त्या सुचवल्या असत्या.

'मला भूक लागली' यावर तिने लिहिलंय ते वाचून उठून फेऱ्या मारल्या. भूक बाहेरून येऊन माणसाला लागते, माणूस तिथे नुसता थांबलेला असतो, म्हणून 'मला'. हे मी वर्गात सांगते. पण ती तिथून ज्या उडीनं मुलाच्या पहिल्या शब्दापर्यंत जाते, ती उडी मला सुचली नव्हती. कबूल. सुचली नसती.

पेन्सिलीने ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसले. चार चुका सापडल्या. त्या सापडल्यावर किती बरं वाटलं ते लिहीत नाही.

१४ फेब्रु.

सकाळी अस्मिता स्वयंपाकघरातून, "आई, निळा कप फुटला गं."

मी म्हटलं, "फुटला नाही, तू फोडलास."

"माझ्या हातून पडला."

"पडला नाही, पाडलास."

हे बाहेरून, "अगं, कपावरून काय?"

त्यांना वाटलं मी कपासाठी भांडतेय. मी तशीच उभी राहिले. चहा उतू गेला.

तोच कप, तीच फरशी, घटना एक. तिने सांगितलं तेव्हा वाक्यात माणूस नव्हता. मी सांगितलं तेव्हा होता. मग 'घटना जशी, वाक्य तसं' याचं काय?

(माझ्याकडून फुटला असता तर मीही 'फुटला'च म्हणाले असते. लोक करतात, आपल्याकडून होतं.)

२० फेब्रु.

व.चं चौथं प्रकरण सगळं रेवदंड्याच्या एका रेकॉर्डिंगवर उभं आहे. धर्मा आणि हसुराम, दोघे भाऊ, एकच होडी. धक्क्यावर जाळं शिवत बसलेले असताना अस्मिताने विचारलं, काय झालं? थोरला धर्मा सांगतो, "जाला खरकाला अरकला न् फाटला." म्हणजे जाळं खडकाला अडकलं आणि फाटलं. यावरून व. म्हणते, बघा, ज्या घटनेत करणारा नाही तिच्या वाक्यातही करणारा नाही. साचा स्वच्छ दिसतो. सुंदर लिहिलंय.

आज मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. अस्मिताच्या लॅपटॉपवर होतं, ती अलिबागला गेली होती. धर्माचं वाक्य संपतं आणि लगेच धाकट्याचा आवाज, लांबून पण स्पष्ट:

"फाटला नाय. यानी फारला."

मग दोघांची जुंपते. धर्मा म्हणतो, सुकाणू तुज्या हातात व्हता. हसुराम म्हणतो, जाला तू वढलास. वारा, लाटांचा आवाज, अस्मिता हसतेय.

लिहून काढलेल्या कागदावर अस्मिताने तिथे कंस केलाय: भाऊ मध्येच बोलतो, गाळले.

तीन वेळा ऐकलं.

२१ फेब्रु.

नीट मांडून बघते.

व.चा सिद्धान्त: घटनेच्या साच्यातून वाक्य निघतं. त्यात सांगणारा कुठे आहे? कुठेच नाही. जणू घटना आपली आपण बोलते. पण घटना मुकी असते. जाळं एकदाच गेलं. धर्माच्या तोंडी 'फाटलं', हसुरामच्या तोंडी 'फाडलं'. प्रत्यय घटनेचा नाही, सांगणाऱ्याचा. कोण सांगतोय, कुणाला, कशातून अंग काढून घेतोय. साचा आहेच, पण तो बोलणाऱ्याच्या हातात आहे. त्याला वगळून व्यवस्था, व्याकरण, अर्थ एक होत नाहीत. त्याला घेतलं तर होतात.

घेतलं तर होतात!

हे माझं. गच्चीतलं नाही, दोघींचं नाही. हे चौलमध्ये, ओट्याशी, कप फुटल्यावर सुचलंय.

चौथं प्रकरण पडतं. चौथं पडलं की पाचवं, सहावं लटकतात.

इतका आनंद कधी झाला होता आठवत नाही. चांगला आनंद नाही तो, पण आनंदच.

२५ फेब्रु.

व. बाड न्यायला आली. यांनी शहाळं फोडून दिलं. पायरीवर बसून पीत होती, पाय धुळीने भरलेले, एखाद्या मुलीसारखी. मला विचारलं, "काही खटकलं?"

"चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ."

"बस? चौथं प्रकरण?"

"चांगलं आहे."

"तू म्हणालीस म्हणजे झालं. मला त्याचीच धाकधूक होती."

बाड घेऊन गेली.

२ मार्च

माझा लेख सुरू केला. तिचं पुस्तक आलं की वर्षभरात माझा लेख यायचा, असं डोक्यात. एकच लेख, बारीकसा. पुस्तकाचं नाव शीर्षकातच घ्यायचं.

पहिलं पान झालं. वाचलं. व.ने पेन पाडून सांगितलं असतं ते मी पानभर लिहिलंय.

हे म्हणाले, "हल्ली तू आपली आपल्याशीच हसतेस." मी म्हटलं, कॉलेजचं काम.

९ मार्च

अस्मिता नाचतच आली. पुण्यात एप्रिलअखेर परिसंवाद आहे, व. तिथे चौथं प्रकरण मांडणार होती, आता म्हणते अस्मिताच मांडेल. रेकॉर्डिंग तिचं, ते कागदावर उतरवणं तिचं, तर मांडणीही तिची. शिवाय जूनपासून व.च्या प्रकल्पात दोन वर्षांची जागा, पीएच.डी.ची नोंदणी. हे उठून पेढे आणायला गेले.

अस्मिता माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "अभिनंदन."

"एवढंच?"

तिला मी मिठी मारली. मारताना मनात काय चाललं होतं: एक, माझी मुलगी व. घेऊन गेली. मला जे जमलं नाही ते हिला मिळणार आणि ते व.च्या हातून मिळणार. दोन, त्या हॉलमध्ये कुणीतरी उठून विचारणार, "तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरा भाऊ काही म्हणाला का?" उभी कोण असणार? अस्मिता.

दुसरं आधी सुचायला हवं होतं. पहिलं आधी सुचलं.

१३ मार्च

होळी. कोळीवाड्यातून ढोल ऐकू येतोय. अस्मिता व.ला घेऊन तिकडेच गेलीय.

लेख पुढे जात नाही. खरी अडचण लिहून ठेवते. हे सुचल्यापासून कुणाला तरी सांगावंसं वाटतंय. यांना सांगितलं तर "बरोबर आहे" म्हणतील. विभागातले सर पेन्शनच्या गोष्टी काढतील. हे ऐकून ताडकन उठून बसेल, उलटा प्रश्न विचारील, भांडेल, माझंच मला दोन पावलं पुढे नेऊन दाखवील असं माणूस जगात एकच आहे. आणि नेमकं तिलाच सांगायचं नाही.

१६ मार्च

सांगितलं.

दुपारी तिच्या वाडीवर गेले. व. ओटीवर सुपाऱ्या निवडणाऱ्या बायांशी बोलत होती. मला बघून आत बोलावलं. मी बसले नाही. अस्मिताच्या लॅपटॉपवरून रेकॉर्डिंग फोनवर घेतलं होतं, तेच लावलं. काही न बोलता.

"फाटला नाय. यानी फारला."

व.ने परत लावायला सांगितलं. मग फोन माझ्या हातातून घेऊन कानाला लावला आणि खिडकीकडे तोंड केलं. तिची पाठ दिसत होती. चेहरा बघायला मिळाला असता तर, असं वाटलं. हेही लिहिते.

"हे कागदावर नाही," ती म्हणाली.

"नाही. गाळलं गेलंय."

"कुणी गाळलं?"

मी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"तुला कधी कळलं?"

"मागच्या महिन्यात. तुला सांगायचं राहून गेलं."

ती वळली. "राहून गेलं. गाळलं गेलं. बोल, शोभना, अजून बोल. माझं चौथं प्रकरण तू उभ्या उभ्या पाडतेयस. कुणी काही केलेलंच नाही ना? सगळं आपलं आपण झालंय?"

इतक्या पटकन कळलं तिला. मला कपावरून रेकॉर्डिंगपर्यंत यायला आठवडा लागला होता. ती एका श्वासात पोचली. त्या क्षणीसुद्धा मला जळायला झालं.

मग मी म्हणाले, "मी सांगितलं नाही. मुद्दाम."

"का?"

"तुझं पुस्तक छापून यावं आणि मग पडावं म्हणून. माझ्या हातून पडावं म्हणून."

बाहेर सुपाऱ्या सुपात पडत होत्या. बाया बोलायच्या थांबल्या होत्या.

"आणि मग आज का सांगितलंस?"

अस्मितासाठी, असं म्हणणार होते. ते अर्धंच खरं. म्हटलं, "दुसऱ्या कुणाला कळलं नसतं."

व. खुर्चीत बसली. चष्मा काढला, हातात धरला. "प्रस्तावनेतला तो सोमवार-गुरुवार," मी म्हणाले. आता थांबवेना. "तो माझा आहे. मी म्हणाले होते, गच्चीत."

तिने खरोखर आठवायचा प्रयत्न केला. ते दिसत होतं. "मी म्हटलं होतं ना ते?"

खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवतं. इतकी वर्षं मला वाटत होतं तिने चोरलं. तिने घेतलंसुद्धा नाही. तिच्या लेखी ते तिचंच होतं. याच्यावर रागवायचं तरी कसं?

"तू आता जा, शोभना," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च

व. पुण्याला गेली. महिनाअखेरपर्यंत राहणार होती. जाताना इकडे वळली नाही. यांना फोन करून सांगितलं, काम निघालं. हे मला म्हणाले, "काय झालं दोघींचं?"

"काही नाही."

"शोभना, तिचा आवाज काही नाहीचा नव्हता."

१९ मार्च

अस्मिताला कळलं. व.ने तिला एवढंच सांगितलं की परिसंवादातून नाव मागे घेतलंय आणि पुस्तक थांबवलंय, कारण आईला विचार.

सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने, ओट्याला टेकून. मग म्हणाली, "तू त्यांना सांगितलंस, मी गाळलं म्हणून?"

"नाही. मी तुझं नाव घेतलं नाही."

"का नाही घेतलं? मी गाळलं ना? मला वाटलं धाकटा मस्करी करतोय. मी गाळलं."

तिथेच फोन लावला. "मॅडम, ते वाक्य मी गाळलं. माझी चूक." पलीकडून काय म्हणाली ऐकू आलं नाही. अस्मिता बराच वेळ "हो, हो" करत होती. मग चक्क हसली, रडता रडता.

काय हसवलं असेल तिने?

फोन ठेवून मला म्हणाली, "तुला चूक दिसली याचा मला राग नाही, आई. दिसल्यावर तू वाट बघत बसलीस. मी पेढे खात होते तेव्हा तू वाट बघत होतीस."

२६ मार्च

अस्मिता माझ्याशी कामापुरतं बोलते. भाजी काय, पाणी आलं का. व.शी रोज फोन. दार लावून.

माझा लेख चार पानांचा होऊन पडलाय. तसा बरोबर आहे. कोरडा आहे, बोंबलासारखा. तरी बोंबील भाजला तर वास तरी येतो.

२ एप्रिल

हे आज स्वतःहून बसले शेजारी. म्हणाले, "मला नीट सांग. तुझं खरं निघालं ना?"

"निघालं."

"मग हरल्यासारखं तोंड का?"

मी त्यांना सगळं समजावलं. कप, जाळं, फाटलं, फाडलं. यांनी ऐकलं. शेवटी म्हणाले, "ऑफिसात हेच चालतं गं. फाइल कुणी हरवत नाही, हरवते." मी हसले. पहिल्यांदाच यांना भाषाशास्त्र सांगितलं, लग्नाला एवढी वर्षं झाली. कधी विचारलं नाही म्हणून मी रागावले होते, पण सांगितलं तरी कधी होतं?

"तिला फोन कर," म्हणाले.

नाही केला.

८ एप्रिल

व.चा मेल. जसाच्या तसा उतरवून घेत नाही. मुद्दे:

चौथं काढून टाकलं. पाचवं, सहावं नव्याने लिहावी लागतील. प्रकाशकांनी वर्ष दिलंय, कुरकुरत. एकटीला जमत नाही. सांगणाऱ्याला साच्यात बसवायला गेली की उरलेलं सगळं हलतं. पाच वेळा करून बघितलं. माझं कुठलं, तुझं कुठलं, वेगळं काढून बघितलं, निघत नाही. सुट्टी लागली की पुण्याला ये, दोघी बसून लिहू. अस्मिताची जूनची जागा पक्की. तिने फोनवर जे केलं ते आपल्या दोघींना या वयात जमलेलं नाही.

शेवटी: 'मी अजून रागावलेली आहे. हे माफ करणं नव्हे. मला पुस्तक हवंय.'

हे वाचून बरं वाटलं. माफ केलं असतं तर परत तीच वरचढ झाली असती.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक. अस्मिता पांढरी साडी नेसून माझ्याबरोबर चालली, शेजारी, बोलत नव्हती पण शेजारी. विहारात मुलांच्या भाषणस्पर्धेला मी परीक्षक. एक लहानगी माइकसमोर पाठ केलेलं विसरली आणि म्हणाली, "म्होरलं मना आठवत न्हाय." सगळे हसले. तिची आई शरमेने खाली बघायला लागली.

मी तिला पहिला नंबर दिला. दुसरे परीक्षक कुरकुरले. कुरकुरू देत.

संध्याकाळी अस्मिताने विचारलं, "जाणार आहेस पुण्याला?"

"बघते."

"आई, बघते म्हणजे काय?"

१७ एप्रिल

व.चा फोन. महिन्यानंतर आवाज. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "ऐक," म्हणाली आणि चौथ्या प्रकरणाचं नवं पहिलं वाक्य वाचलं:

'जाळं एकदाच जातं, पण ते कसं गेलं हे सांगायला माणसं दोन असतात, आणि भाषा त्या दोघांच्या मधोमध राहते.'

मी चार पानं लिहिली, हे एक वाक्य मला आलं नाही. पण हे वाक्य माझ्याशिवाय तिलाही आलं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी कमी होत नाही.

"मधोमध नाही," मी म्हटलं. "मधोमध म्हटलं की भाषा पंच झाली. ती पंच नाही. ती दोघांच्या बाजूने खेळते."

पलीकडे पेनचा आवाज.

"हं," व. म्हणाली. "शोभे, तू लवकर ये."

२० एप्रिल

पुन्हा मेल, दोन ओळींचा. प्रकाशकांना करार नव्याने करायचाय, मुखपृष्ठावर दोन नावं. रेकॉर्डिंगसाठी अस्मिताचं नाव प्रकरणाखाली वेगळं. 'आपली नावं कोणत्या क्रमाने ते तू ठरव. मी काही म्हणणार नाही.'

मी काही म्हणणार नाही! हे म्हणूनच ठेवलंय.

सकाळपासून विचार करतेय. वर्णमालेनं जायचं तर व आधी, श नंतर. वर्णमालासुद्धा तिच्याच बाजूची. कामानं जायचं तर तिची तीन प्रकरणं उभी आहेत, माझं एक आणि तेही अर्धं. मोठेपणानं जायचं तर तिचं आधी लिहून मोकळं व्हायचं, सगळे वा म्हणतील, हे म्हणतील, अस्मिताही म्हणेल. कुठूनही गेलं तरी वसुधा आधी येते.

माझं आधी लिहायला कारण एकच आहे. मला हवंय.

अस्मिता आत पुण्याला न्यायचे कपडे भरतेय. मधेच येऊन म्हणाली, "पाठवलंस उत्तर?"

मेल उघडून बसलेय. दोन्ही नावं लिहून झाली आहेत, एकाखाली एक. परत खोडली. परत लिहिली, आता उलटी. बघते कशी दिसतात ते